कढईतल्या तेलाचा हिशेब

दिघी हे गाव १९९७ साली पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत आले आणि बघता बघता दाट वस्तीचे उपनगर झाले. एका अंगाला भोसरीची औद्योगिक वसाहत, दुसऱ्या अंगाला आळंदी, आणि पुढे मोशीवरून थेट चाकणपर्यंत कारखान्यांची रांग. शिफ्ट सुटण्याच्या वेळी वडापाव, समोसे, भजी, चायनीज यांच्या गाड्या लागतात. आळंदी रस्त्यावर भाविकांची वर्दळ बारमाही असते आणि वारीच्या दिवसांत तर विचारायलाच नको. फरसाणाचे कारखाने, खानावळी, कंपन्यांची कँटीन या सर्वांच्या कढया रोज तापतात. या धंद्यात आणि त्याच्या अवतीभवती आपल्या समाजातील पुष्कळ माणसे आहेत. कोणी तळणीवर उभा आहे, कोणी तेलाचे डबे पुरवतो, कोणी रिकामे डबे विकत घेतो, कोणी टेम्पो चालवतो, तर कोणी त्याच टेम्पोचे पंप-नोझल दुरुस्त करतो. आजचा विषय या सर्वांचा आहे.

रात्री कढई उतरवल्यावर जे काळपट तेल उरते, त्याचे पुढे काय होते? आजवर त्याला दोन वाटा होत्या. थोडे असले तर ते गटारात जाते आणि नाल्यावाटे नदीला मिळते. जास्त असले तर कोणीतरी येऊन स्वस्तात घेऊन जातो आणि ते आणखी लहान गाडीवाल्याच्या कढईत पुन्हा तापते. आता तिसरी वाट तयार झाली आहे, ती बायोडिझेलची. आमचे मत असे की, ही तिसरी वाट आपल्या व्यापाऱ्यांनी वेळीच धरावी. मात्र पत्र्याच्या शेडमध्ये इंधन बनवण्याचा खटाटोप आपण करू नये. आपली जागा तेल गोळा करण्यात आणि त्याचा चोख हिशेब ठेवण्यात आहे. असे का, ते पुढे मांडत आहोत.

तेलावर इंजिन चालते, पण तसेच नाही

वनस्पती तेलावर इंजिन चालवण्याची कल्पना नवी नाही. १९०० सालच्या पॅरिस येथील जागतिक प्रदर्शनात ओटो कंपनीने एक लहान डिझेल इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखवले होते. या इंजिनाचे जनक रुडॉल्फ डिझेल यांनीही पुढे वनस्पती तेलांच्या वापराचा पुरस्कार केला. पण खनिज डिझेल स्वस्त आणि मुबलक मिळू लागले आणि ती कल्पना मागे पडली.

मग आज गोडेतेल गाळून थेट टाकीत ओतले तर? काही जण असा प्रयोग करतात आणि गाडी काही दिवस चालतेही. पण तेल डिझेलपेक्षा सुमारे दहापट दाट असते. नोझलमधून त्याचा बारीक फवारा पडत नाही, ते अर्धवट जळते, नोझलच्या टोकाशी आणि रिंगांच्या खाचेत काजळी धरते आणि शेवटी इंजिन खोलावे लागते. म्हणून तेल आधी पातळ करावे लागते. हे पातळ करणे म्हणजेच बायोडिझेल बनवणे.

ते बनते कसे

तेलाचा प्रत्येक कण म्हणजे ग्लिसरीनच्या एका कण्याला बांधलेल्या मेदाम्लांच्या तीन लांब साखळ्या. या साखळ्या सोडवून प्रत्येकीला मिथेनॉल जोडले की दाटपणा जातो आणि डिझेलच्या जवळपास पातळ असे इंधन मिळते. ग्लिसरीन वेगळे होऊन खाली बसते.

कारखान्यात हे काम क्रमाने होते. प्रथम तेल गाळून त्यातील जळका चुरा काढतात. मग ते तापवून पाणी उडवतात, कारण पाणी राहिले तर पुढे इंधनाऐवजी साबण तयार होतो. त्यानंतर आम्लता तपासतात. तेल जितक्या वेळा तापले, तितकी त्यात मुक्त मेदाम्ले जास्त. ती थोडी असतील तर सरळ पुढे जाता येते. जास्त असतील तर आधी सल्फ्युरिक ॲसिडच्या मदतीने मिथेनॉलची एक प्रक्रिया करावी लागते आणि खर्च वाढतो. मग कॉस्टिक सोडा किंवा कॉस्टिक पोटॅश मिसळलेले मिथेनॉल तेलात घालून ५५ ते ६० अंश उष्णतेवर सुमारे तासभर घुसळतात. काही तास स्थिर ठेवले की जड, काळसर ग्लिसरीन तळाशी बसते आणि वर बायोडिझेल राहते. ते कोमट पाण्याने धुऊन, कोरडे करून, पुन्हा गाळून प्रयोगशाळेत तपासतात. भारतीय मानक ब्युरोने त्यासाठी आय.एस. १५६०७ हे मानक ठरवले आहे.

हिशेबाला सोपे म्हणून लक्षात ठेवावे: १०० किलो चांगल्या तेलाला सुमारे ११ किलो मिथेनॉल लागते आणि त्यातून जवळपास १०० किलो बायोडिझेल व १० किलोच्या आसपास ग्लिसरीन मिळते. प्रत्यक्षात मिथेनॉल याहून बरेच जास्त घालतात आणि उरलेले परत काढून घेतात. जळक्या तेलात पाणी व गाळ असल्याने उतारा कमी पडतो. ग्लिसरीन शुद्ध केल्यास साबण, सौंदर्यप्रसाधने आणि औषधे बनवणाऱ्यांना चालते, पण ते शुद्ध करणे हा पुन्हा वेगळा धंदा आहे.

एवढे वाचून एखाद्या उत्साही तरुणाला वाटेल की, हे तर दोन ड्रम आणि एका हीटरवर जमेल. त्याला आम्ही स्पष्ट सांगू इच्छितो की, यात हात घालू नये. मिथेनॉल हे विष आहे. पोटात गेल्यास दृष्टी जाते, प्राणही जातात. २०१५ च्या जून महिन्यात मुंबईत मालवणी येथे शंभराहून अधिक माणसे दगावली, ती मिथेनॉलमिश्रित दारूने. शिवाय त्याची वाफ सहज पेट घेते आणि उजेडात त्याची ज्योत धड दिसतही नाही. त्याच्या साठ्याला परवाने लागतात. दिघी-भोसरीच्या गल्लीत, खाली गाळा आणि वर बिऱ्हाड अशा घरांत हा उद्योग म्हणजे शेजाऱ्यांच्या जिवाशी खेळ आहे.

मोगली एरंडाचा धडा

बायोडिझेलचे नाव काढले की अनेकांना मोगली एरंड आठवतो. २००३ साली नियोजन आयोगाच्या समितीने या झुडपाच्या बियांवर मोठी भिस्त ठेवली. पडीक जमिनीवर कोटीहून अधिक हेक्टर लागवड करून डिझेलमध्ये २० टक्के बायोडिझेल मिसळण्याची स्वप्ने रंगली. महाराष्ट्रातही रोपे लावली गेली. ऑक्टोबर २००५ मध्ये केंद्र सरकारने खरेदीचे धोरण जाहीर केले आणि १ जानेवारी २००६ पासून लिटरला २५ रुपये दर ठरवला. पण त्या दरात उत्पादकाचा खर्च भागेना. पाणी आणि खत नसलेल्या माळरानावर बी अपेक्षेप्रमाणे धरेना. जे धरले ते वेचायची मजुरी परवडेना. पुढे २००९ च्या राष्ट्रीय धोरणाने २०१७ पर्यंत २० टक्क्यांचे लक्ष्य ठेवले, तेही कागदावरच राहिले.

यातून व्यापाऱ्याने घ्यायचा धडा साधा आहे. कच्चा माल हाती नसताना उभारलेला कारखाना म्हणजे गिऱ्हाईक नसलेले दुकान. २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणाने २०३० पर्यंत डिझेलमध्ये ५ टक्के बायोडिझेलचे लक्ष्य ठेवले. पेट्रोलमधील इथेनॉल २०२५ साली २० टक्क्यांवर पोहोचले, कारण त्यामागे उसाचा आणि धान्याचा पुरवठा होता. डिझेलमधील बायोडिझेल मात्र एक टक्क्याच्याही खाली रेंगाळले. इंडोनेशियाने २०२५ पासून डिझेलमध्ये ४० टक्के बायोडिझेल सक्तीचे केले, ते त्यांच्या पामतेलाच्या जोरावर. आपला देश तर खाण्याच्या तेलापैकी निम्म्याहून अधिक तेल बाहेरून आणतो. ताज्या तेलाचे इंधन करणे आपल्याला परवडणारे नाही आणि शोभणारेही नाही. राहता राहिले ते कढईत वापरून झालेले तेल. त्याची मालकी कोणा मोठ्या कंपनीकडे नाही, ती हजारो लहान दुकानदारांकडे आहे.

कायदा काय म्हणतो

तळताना तेल बिघडते. या बिघाडाचे माप म्हणून ध्रुवीय घटकांचे प्रमाण धरतात. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून नियम केला की, हे प्रमाण २५ टक्क्यांवर गेले की ते तेल खाण्याच्या कामासाठी वापरायचे नाही. हा नियम मोठ्या हॉटेलाला आहे तसाच हातगाडीलाही आहे. १० ऑगस्ट २०१८ रोजी प्राधिकरणाने 'रुको' नावाची योजना सुरू केली. तिचा उद्देश हे वापरलेले तेल गोळा करून बायोडिझेलच्या कारखान्यांकडे वळवण्याचा आहे. १ मार्च २०१९ पासून रोज ५० लिटरहून अधिक तेल तळणासाठी वापरणाऱ्यांनी त्याची नोंद ठेवणे आणि उरलेले तेल नोंदणीकृत संकलकालाच देणे बंधनकारक झाले. फरसाणाचे कारखाने आणि कंपन्यांची मोठी कँटीन यात सहज येतात.

त्याच वर्षी, १० ऑगस्ट २०१९ रोजी, सरकारी तेल कंपन्यांनी देशातील १०० शहरांतून वापरलेल्या तेलाचे बायोडिझेल खरेदी करण्याची योजना जाहीर केली. पहिल्या वर्षी लिटरला ५१ रुपये, दुसऱ्या वर्षी ५२ रुपये ७० पैसे आणि तिसऱ्या वर्षी ५४ रुपये ५० पैसे असे दर होते. दर पुढे बदलत गेले, पण एक गोष्ट पक्की झाली: या मालाला ठरलेला ग्राहक आहे.

अडचण भावाची आहे

आता मुख्य अडचण. गाडीवाला म्हणतो, "रुकोवाला भाव कमी देतो, दुसरा जास्त देतो. मी कोणाला देऊ?" हा प्रश्न खरा आहे आणि त्याला उपदेशाने उत्तर देता येत नाही. भावातील फरक कोठून येतो ते पाहावे लागते.

बायोडिझेल बनवणारा तेलाला किती भाव देऊ शकेल, याला मर्यादा आहे. त्याचे इंधन डिझेलच्या भावाच्या आसपासच विकले जाणार. त्यातून मिथेनॉल, वीज, मजुरी, वाहतूक आणि तूट वजा जाता जे उरेल, त्यातच त्याने तेल घ्यायचे. दुसरीकडे खाण्याचे ताजे तेल लिटरमागे डिझेलपेक्षा महाग आहे. जो माणूस जळके तेल गाळून, उजळवून, पुन्हा खाण्याच्या तेलात मिसळून विकतो, तो अर्थातच दोन रुपये जास्त देऊ शकतो. तेव्हा तो जास्तीचा भाव कशाचा आहे, हे ओळखावे. तो पुन्हा कोणाच्या तरी पोटात जाणाऱ्या तेलाचा भाव आहे. आणि ते पोट बहुधा आपल्याच वस्तीतल्या मजुराचे, रिक्षावाल्याचे, शाळेच्या फाटकाशी वडापाव घेणाऱ्या मुलाचे असते. गिऱ्हाईक आपल्या हातचे विश्वासाने खाते. तो विश्वास म्हणजे दुकानदाराकडे ठेवलेली अमानत आहे. दोन रुपयांसाठी ती मोडणारा धंदा बरकतीचा होत नाही, हे आपल्या वडीलधाऱ्यांनी वेगळे सांगायला नको.

मग धंदा कोठे आहे

धंदा गोळा करण्यात आहे. बायोडिझेलच्या कारखान्याची खरी डोकेदुखी यंत्रांची नसून तेल जमवण्याची आहे. शंभर ठिकाणचे तीन-तीन लिटर तेल वेळेवर, पाणी न मिसळता, ओळखीच्या माणसाकडून यावे लागते. बाहेरून आलेल्या कंपनीला गल्ली माहीत नसते. आपल्या माणसांना ती माहीत आहे.

एक हिशेब मांडून पाहू. हे आकडे केवळ समजण्यासाठी धरले आहेत. समजा दिघी, भोसरी, मोशी भागात ४० दुकानदार रोज सरासरी ३ लिटर वापरलेले तेल देतात. म्हणजे रोजचे १२० लिटर. महिन्याचे २६ दिवस धरले तर ३,१२० लिटर. लिटरमागे ५ रुपये सुटले तर १५,६०० रुपये. यातून टेम्पोचे इंधन आणि एका माणसाचा पगार काढला तर हाती फारसे उरत नाही. म्हणजे केवळ यासाठी नवा टेम्पो घेऊन कर्ज काढणाऱ्याचे नुकसानच होईल.

पण जो माणूस आधीच याच दुकानांतून तेलाचे रिकामे डबे गोळा करत फिरतो, त्याला फेरा वेगळा करावा लागत नाही. डबे घेताना त्याच टेम्पोत दोन ड्रम ठेवले की झाले. जो घाऊक व्यापारी दुकानदाराला तेलाचे नवे डबे पोहोचवतो, त्याचा टेम्पो परतताना रिकामाच येतो. त्याने जुने तेल परत आणले तर वाहतूक फुकटात पडते. आमच्या मते या धंद्याची गुरुकिल्ली हीच आहे. नव्याने उभा करण्यापेक्षा चालू फेऱ्याला तो जोडावा. रमजानमध्ये इफ्तारीच्या बाजारात तळण कितीतरी वाढते आणि वारीच्या दिवसांत आळंदी रस्त्यावरही. अशा वेळी हाच फेरा जास्त भरतो.

हे एकट्याने करण्यापेक्षा पाच-दहा जणांनी भागीदारीत किंवा सहकारी संस्था काढून करावे. अन्न परवाना व नोंदणी पूर्ण करावी, रुको योजनेतील कारखान्याशी लेखी करार करावा आणि प्रत्येक दुकानदाराला दर वेळी पावती द्यावी. पावतीवर तारीख, लिटर आणि भाव एवढे असले तरी पुरे. ती पावती दुकानदाराच्या उपयोगाची आहे. अन्न निरीक्षक आला तर जुने तेल कोठे गेले, हे तो दाखवू शकतो. कंपनीच्या कँटीनला तर अशा पावत्या हव्याच असतात. भावातील दोन रुपयांची तूट या कागदाने बऱ्याच अंशी भरून निघते.

मटण-चिकनच्या व्यापाऱ्यांनीही इकडे लक्ष ठेवावे. केरळातील पशुवैद्यक डॉ. जॉन अब्राहम यांना कोंबडीच्या टाकाऊ भागातील चरबीपासून बायोडिझेल बनवण्याच्या पद्धतीसाठी २०२१ साली पेटंट मिळाले. चरबीचे इंधन थंडीत लवकर थिजते, ही त्याची उणीव आहे. पण आज जो कचरा टाकायला पैसे मोजावे लागतात, त्याचाही उद्या ग्राहक होऊ शकतो.

मिस्त्री आणि वाहनमालकांसाठी

गॅरेजवाल्यांकडे बायोडिझेलची गाडी आली तर काही गोष्टी ध्यानात असाव्यात. बायोडिझेल जुन्या टाकीतला गाळ सोडवते, म्हणून सुरुवातीला फिल्टर लवकर चोंदतो. नैसर्गिक रबराचे पाइप आणि सील त्यात फुगतात. ते पाणी धरते आणि फार महिने साठवले तर खराब होते. शुद्ध बायोडिझेलवर ॲव्हरेज थोडा कमी मिळतो, कमी मिश्रणात हा फरक जाणवत नाही. चांगली बाजू म्हणजे त्यात गंधक जवळपास नसते, पंपाला वंगण चांगले मिळते आणि काळा धूर कमी होतो. १ एप्रिल २०२० पासूनच्या बी.एस. ६ गाड्यांत मात्र धूर गाळणारी नाजूक यंत्रणा असते. कंपनीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या प्रमाणापलीकडे बायोडिझेल घातले तर वॉरंटी जाण्याची भीती आहे. इंधनाचा खरा परिणाम मोजण्याची विद्या आपल्या दारातच आहे. १९६६ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनचे एक केंद्र चाकणलाही आहे.

'बायोडिझेल' अशी पाटी लावून स्वस्तात विकल्या जाणाऱ्या द्रवापासून सावध राहावे. मागील काही वर्षांत राज्यात अशा बनावट पंपांवर धाडी पडल्या. तेथे बायोडिझेलच्या नावाखाली भलतेच औद्योगिक तेल विकले जात होते. केंद्राच्या एप्रिल २०१९ च्या नियमांनुसार मान्यताप्राप्त विक्रेत्याला फक्त शुद्ध बायोडिझेल विकता येते. आधीच मिसळलेले 'तयार' डिझेल कोणी देत असेल तर ते घेऊ नये. ट्रकचे इंजिन बिघडले की भाव वाचवलेला विसरतो आणि खर्च लक्षात राहतो.

कागदाचे महत्त्व

फेब्रुवारी २०२५ मध्ये दिघीपासून थोड्याच अंतरावरील चिखली-कुदळवाडी भागात महापालिकेने अनधिकृत ठरवलेली भंगाराची गोदामे, वर्कशॉप आणि शेड मोठ्या प्रमाणावर पाडली. त्या कारवाईच्या बऱ्या-वाईटाची चर्चा हा या लेखाचा विषय नाही. पण वर्षानुवर्षे मेहनतीने उभा केलेला धंदा किती थोड्या दिवसांत नाहीसा होऊ शकतो, हे सर्वांनी पाहिले. टाकाऊ माल गोळा करून त्याचे सोने करण्याची कला आपल्या कारागिरांकडे आणि व्यापाऱ्यांकडे आहे. उणीव बहुतेक वेळा परवान्याची, नोंदीची आणि पावतीची असते.

वापरलेल्या तेलाचा धंदा अजून नवा आहे. त्यातील नियम लिहिलेले आहेत, ग्राहक ठरलेला आहे आणि जागा अजून मोठ्यांनी भरलेली नाही. अशा धंद्यात पहिल्या दिवसापासून कागद नीट ठेवणे फार अवघड नाही. तेव्हा दुकानदारांनी आजपासून जुन्या तेलासाठी वेगळा, झाकणाचा डबा ठेवावा आणि त्यात पाणी जाऊ देऊ नये. डबे गोळा करणाऱ्यांनी व तेलाच्या घाऊक व्यापाऱ्यांनी एकत्र बसून आपापल्या भागातील दुकानांची यादी करावी. ज्यांची मुले वाणिज्य शाखेत शिकत आहेत, त्यांनी नोंदणीचे आणि वहीचे काम त्यांच्याकडे सोपवावे. एवढे झाले तर कढईतले काळे तेल पुन्हा कोणाच्या पोटात जाणार नाही आणि त्याचे चार पैसेही उजळ माथ्याने घरी येतील.